माणसांमागचा रस्ता: ठाण्यातले १९५०–७० चे फोटो कसे जपावेत, कसे वाचावेत

ठाण्यात १९५०-६० च्या दशकांत रस्त्यावर उभं राहून रस्त्याचाच फोटो काढणारी माणसं मोजकीच होती. एका रोलवर आठ किंवा बारा फोटो, त्यानंतर धुण्याचा आणि छापण्याचा खर्च वेगळा. त्यामुळे फोटो निघायचा तो माणसांचा. नवी सायकल घेऊन उभा असलेला मामा, वरातीतला नवरदेव, तलावपाळीच्या कठड्यावर बसलेली मैत्रिणींची रांग. घरचे लोक आज त्यातले चेहरे ओळखतात आणि अल्बम मिटतात. शहराच्या कामाचा ऐवज मात्र मागे असतो: दुकानाची पाटी, उभा टांगा, कौलांची रांग, भिंतीवर रंगवलेलं निवडणुकीचं चिन्ह, उघडं गटार.

शिकागोत व्हिव्हियन मायर या बाईंनी अनेक वर्षं रोलिफ्लेक्स कॅमेऱ्याने रस्त्यावरचे फोटो काढले. गोदामाचं भाडं थकलं म्हणून २००७ मध्ये त्यांचा साठा लिलावात गेला आणि तेव्हा कुठे तो जगाला दिसला. त्यात एक लाखाच्या वर निगेटिव्ह होत्या. ठाण्यात असा साठा एका घरात सापडण्याची आशा धरू नये. इथला साठा चरई, नौपाडा, खारकर आळी, टेंभी नाका, उथळसर अशा वस्त्यांतल्या शेकडो घरांच्या माळ्यांवर वाटला गेला आहे. तो गोळा करायचा तर पहिल्या पायरीपासून शेवटच्यापर्यंत एकच पथ्य पाळावं लागतं. चौकटीची कड कापायची नाही आणि फोटोची पाठ विसरायची नाही.

हातात नेमकं काय आहे

ट्रंक उघडल्यावर आधी निगेटिव्ह शोधा. छापील फोटो नंतर. स्टुडिओवाला छापताना कडा कापायचा आणि नेमका कडेलाच रस्ता असतो.

माप घेतलं की कॅमेऱ्याचा अंदाज येतो. १२० नंबरच्या रोलवर ६×९ सेंटिमीटरच्या ८, ६×६ च्या १२ किंवा ६×४.५ च्या १६ चौकटी बसतात. ६×९ म्हणजे बहुतेक वेळा बॉक्स कॅमेरा किंवा घडीचा कॅमेरा. ६×६ चौकोनी असेल तर रोलिकॉर्ड-रोलिफ्लेक्स जातीचा दोन भिंगांचा कॅमेरा, नाहीतर पुढच्या काळात घरोघरी पोचलेला अ‍ॅग्फा क्लिक थ्री. दोन्हींतला फरक कोपऱ्यांत दिसतो. साध्या कॅमेऱ्याचं एकच भिंग मधोमध बरं आणि कोपऱ्यात मऊ उतरवतं. त्याचा शटरही सेकंदाच्या तिसाव्या-पन्नासाव्या भागाचा, त्यामुळे चालता टांगा फराटा होतो आणि उभी माणसं नीट येतात. दोन भिंगांच्या महाग कॅमेऱ्यात मागच्या पाटीवरचं बारीक अक्षरही लागतं. असे रोल स्कॅनसाठी आधी घ्या. कडेला भोकं असलेली अरुंद पट्टी म्हणजे ३५ मिमी, तिच्यावर एक चौकट २४×३६ मिमीची.

फिल्मच्या कडेवर छापलेली अक्षरं भिंगाखाली वाचा. ‘सेफ्टी’ असा शब्द असेल तर ती अ‍ॅसिटेट फिल्म. ‘नायट्रेट’ दिसलं तर सावध व्हा. कोडॅकने रोल फिल्ममधलं नायट्रेट १९५० च्या सुमारास पूर्ण थांबवलं, म्हणजे स्वातंत्र्याच्या आगेमागे वापरलेला रोल नायट्रेटचा असू शकतो. हा पदार्थ भडकून पेटतो. पिवळी-तपकिरी, चिकट झालेली किंवा भुकटी होऊ लागलेली फिल्म बंद डब्यात किंवा उन्हात ठेवू नका. बाकीच्यांपासून वेगळी, हवा लागेल अशा कागदी पाकिटात, थंड जागी ठेवा आणि जाणकार जतनतज्ज्ञाला दाखवा. कोपरा कापून काडी लावून पाहायची युक्ती काही जण सांगतात. ती करू नका.

अ‍ॅसिटेटचं दुखणं निराळं. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा आंबट वास आला म्हणजे फिल्मचा पाया कुजायला लागला आहे. सुटलेलं आम्लच पुढच्या कुजण्याला वेग देतं, त्यामुळे वासाचा रोल चांगल्या रोलांशेजारी ठेवला की शेजारीही बिघडतात. तो वेगळा करा आणि सगळ्यात आधी स्कॅन करा. पाया आकसून वरचा थर सुरकुतला की कोणतंही यंत्र त्याला सरळ करू शकत नाही.

ट्रंकेत न धुतलेला रोल सापडला तर तो उजेडात उलगडू नका. कागद चिकटवलेला तसाच असेल तर काळ्या पाकिटात घालून जुने ब्लॅक अँड व्हाइट रोल धुणाऱ्याकडे द्या आणि रोल किती जुना आहे ते आवर्जून सांगा.

पावसाळा हाच मुख्य शत्रू

ठाणे खाडीकाठचं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये घरातली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज राहते आणि फिल्मवर चित्र धरून ठेवणाऱ्या जिलेटिनच्या थरावर बुरशी साधारण ६५ टक्क्यांच्या पुढे धरते. म्हणून ट्रंक उघडायचं काम डिसेंबर ते मार्च या महिन्यांत काढा. जून ते सप्टेंबर फक्त स्कॅन झालेल्या फाइलींवर काम करायचं.

साठवणीसाठी रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा पुरतो. १० लिटरच्या डब्यात १०० ते १५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत घाला, ती फिल्मला लागू देऊ नका आणि शेजारी छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ३५ ते ५० च्या मध्ये हवा. २५ च्या खाली गेला तर फिल्म कडक होऊन गुंडाळते, मग थोडं जेल काढून घ्या. दाण्यांचा रंग बदलला की ११०–१२० अंश सेल्सिअसला दोनेक तास तापवले की पुन्हा चालतात, पण खायच्या भांड्यात नाही. निळे दाणे असतील तर त्यात कोबाल्टचं क्षार असतं, ते टाळून नारिंगी घ्या. डांबराच्या गोळ्या आणि कापूर डब्यात नकोत.

बटर पेपरची पाकिटं जुन्या स्टुडिओंनी दिलेली असतात. दमट हवेत हा कागद ओल धरतो आणि फिल्मला चिकटतो. त्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं किंवा आम्लविरहित कागद वापरा. पीव्हीसीचे अल्बम नकोत, त्यांना नव्या रेक्झिनसारखा वास येतो, त्यावरून ओळखता येतात. जुन्या पाकिटावर काही लिहिलेलं असेल तर पाकीट फेकण्याआधी त्याचाही फोटो घ्या. ‘रामनवमी, कोपिनेश्वर’ एवढं दोन शब्दांचं टिपणसुद्धा नंतर चार तास वाचवतं.

बुरशी धरलेल्या निगेटिव्हला पाणी लावणं ही सर्रास होणारी चूक. बुरशी जिलेटिन पोखरते आणि पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळून चित्रासकट निघून येतं. आधी कोरड्या हवेत दोन-तीन दिवस ठेवा, मग मऊ ब्रशने, तोंडाला मास्क लावून, घराबाहेर हलकेच झाडा. चकचकीत बाजूवरचे बोटांचे ठसे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने लिंट न सोडणाऱ्या कापडावर एक थेंब घेऊन पुसता येतात. मळकट, निस्तेज बाजू म्हणजे चित्राची बाजू. तिला हात लावू नका. छापील फोटोच्या काळ्या भागात कडेला निळसर-चंदेरी झाक दिसते, ती धूळ नसून वर आलेली चांदी असते. तीही घासू नका.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो मेण नसलेल्या डेंटल फ्लॉसने खालून हळूहळू करवतीसारखा सोडवता येतो. फोटो वाकवायचा नाही, पान वाकवायचं. एवढं करूनही सुटत नसेल तर पानच कापून ठेवा.

स्कॅन

निगेटिव्हसाठी झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड स्कॅनर लागतो. साध्या कागदी स्कॅनरवर निगेटिव्ह ठेवून मागून मोबाइलचा दिवा मारल्याने काहीही धड निघत नाही.

रिझोल्यूशन असं धरा. ६×६ आणि ६×९ साठी २४०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला २४०० ठिपके. ६×६ ची चौकट प्रत्यक्षात ५६ मिमीची असते, म्हणजे सुमारे ५३०० पिक्सेल बाजू मिळते आणि दुकानाची पाटी वाचायला ती पुरते. ३५ मिमीसाठी ३२०० डीपीआय, म्हणजे साधारण ४५००×३००० पिक्सेल. छापील फोटो पोस्टकार्डाएवढा किंवा मोठा असेल तर ६०० डीपीआय चालतं. निगेटिव्हच्याच मापाची छोटी प्रत असेल तर १२००, कारण ती थेट फिल्मला कागद लावून काढलेली असते आणि तिच्यात वाटतं त्याहून जास्त तपशील असतो. जाहिरातीतल्या ६४०० आणि ९६०० च्या आकड्यांमागे लागू नका. घरगुती फ्लॅटबेडचं भिंग तेवढं उतरवत नाही, फाइल मात्र फुगते.

फाइल १६ बिट ग्रेस्केल, टिफ (तपशील न गमावता साठवणारा साचा). एक ६×६ साधारण ५६ एमबी होते. जेपीईजी फक्त पाठवण्यासाठी, तीही टिफवरून बनवलेली.

धूळ काढणारं इन्फ्रारेड तंत्र ब्लॅक अँड व्हाइटसाठी बंद ठेवा. चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे यंत्राला सगळं चित्रच धूळ वाटतं आणि माणसांच्या कडा चावल्यासारख्या दिसतात. आपोआप शार्प करणं, कॉन्ट्रास्ट वाढवणं, कडा ओळखून कापणं हेही बंद. हिस्टोग्रामची, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या आलेखाची, दोन्ही टोकं थोडी सैल ठेवा. पांढऱ्या धोतरातले आणि आकाशातले तपशील एकदा उडाले की परत येत नाहीत, आणि ठाण्याच्या उन्हात काढलेल्या फोटोत धोतर आणि आकाश दोन्ही हटकून असतात.

चौकटीबाहेरची फिल्मची कड स्कॅनमध्ये घ्या. तिच्यावर अनेकदा चौकटीचा नंबर असतो आणि त्यावरून कोणता फोटो आधीचा, कोणता नंतरचा ते कळतं. चौथ्या चौकटीत ओळखीचा तलाव असेल तर पाचवीतली अनोळखी गल्ली तिथून चालत जाण्याच्या अंतरावर असण्याची शक्यता मोठी.

काचेवर इंद्रधनुषी वर्तुळं उमटली तर फिल्मची चकचकीत बाजू काचेला टेकते आहे. फिल्म काचेपासून वर धरणारा धारक वापरा, किंवा निस्तेज बाजू काचेकडे करून स्कॅन करा आणि चित्र संगणकावर उलटवा. उलटवायला विसरलं की डावं-उजवं बदलतं, आणि मग जागा शोधताना दिवस वाया जातो. पाटीवरचं देवनागरी वाचता आलं तर प्रश्न मिटला. पाटी नसेल तर पुरुषांच्या शर्टाची घालणाऱ्याच्या डाव्या हाताकडची पट्टी वर असते हे पाहा. पदरावरून ठरवू नका. गुजराती पद्धतीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो आणि ठाण्याच्या बाजारपेठेत गुजराती घरं भरपूर.

छापील फोटोच्या पाठीचंही स्कॅन घ्या. पातळ कागद असेल तर मागचं अक्षर पुढे उमटू नये म्हणून वर काळा कागद ठेवा.

अल्बम घराबाहेर द्यायला मालक तयार नसतात, आणि ते बरोबरच आहे. तिथे मोबाइलने काम होतं. फोटो टेबलावर सपाट, खिडकीचा उजेड एका बाजूने आणि समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा. मोबाइल नेमका समांतर आहे का ते पाहायला फोटोच्या जागी छोटा आरसा ठेवा. आरशात भिंगाचं प्रतिबिंब पडद्याच्या मधोमध आलं की कोन जुळला. मुख्य भिंगाने अगदी जवळून काढाल तर कडा फुगतात, म्हणून दुप्पट झूमचं भिंग वापरून थोडं मागे व्हा. कागदपत्रं स्कॅन करणारी अ‍ॅप नकोत. ती कड कापतात आणि पिवळेपणा ‘सुधारतात’.

काळ ठरवणं

कागदावर दोन रकाने आखा: ‘याआधीचा नाही’ आणि ‘यानंतरचा नाही’. फोटोतल्या बहुतेक खुणा यातल्या एकाच रकान्यात जातात. नवी वस्तू दिसली की पहिला रकाना भरतो. जुनी वस्तू दिसली म्हणून दुसरा आपोआप भरत नाही, कारण १९३५ ची मोटार १९६५ मध्येही रस्त्यावर असू शकते. बहुतेक चुका इथेच होतात.

पहिल्या रकान्यासाठी ठाण्याच्या रस्त्यांवर उपयोगी पडणाऱ्या खुणा:

१ जून १९४८: महामंडळाच्या आधीच्या सरकारी एस.टी.ची पहिली गाडी याच दिवशी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली.
५ नोव्हेंबर १९५१: ‘मध्य रेल्वे’ हे नाव. त्याआधी जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे).
१९५४: टाटा-मर्सिडीज बेंझ ट्रक, तीन टोकांच्या ताऱ्यासकट. करार १९६९ मध्ये संपला, त्यानंतरच्या नव्या गाड्यांवर ‘टी’.
१ एप्रिल १९५७: किमतीच्या पाटीवर नये पैसे. ‘नया’ हा शब्द जून १९६४ मध्ये अधिकृतपणे गेला, रंगवलेल्या पाट्यांवरून मात्र बराच उशिरा.
१९५८ च्या सुमारास: अ‍ॅम्बेसेडर मोटार.
१ मे १९६०: ‘महाराष्ट्र राज्य’ असा मजकूर. त्याआधीच्या सरकारी फलकांवर मुंबई राज्य.
१९६२: वागळे इस्टेटच्या औद्योगिक वसाहतीच्या पाट्या.
१९ जून १९६६: शिवसेनेचं नाव. १९६७ च्या नगरपालिका निवडणुकीत ठाण्याच्या भिंती त्याने भरल्या होत्या.
१५ ऑगस्ट १९७२: पत्त्यात पिनकोड.
२ ऑक्टोबर १९७२: मुंबई दूरदर्शन सुरू. छपरावर टीव्हीचा अँटेना दिसला की फोटो या तारखेनंतरचा.
१९७३: वाशीचा पहिला खाडीपूल. नवी मुंबईचा ‘पन्नासच्या दशकातला’ म्हणून फिरणारा पुलाचा फोटो पाहिला की हे आठवा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचीच स्थापना १९७० ची.
१९७८: मासुंदा तलावाकाठी गडकरी रंगायतन.
१ ऑक्टोबर १९८२: ‘महानगरपालिका’. त्याआधीची सगळी पाटी नगरपालिकेची.

भिंतीवरची निवडणूक चिन्हं दोन्ही रकान्यांना काम देतात, कारण ती बदलली. काँग्रेसची बैलजोडी १९६९ च्या फुटीपर्यंत, गाय-वासरू १९७१ ते ७७ च्या निवडणुकांत, हात १९७८ पासून. जनसंघाची पणती १९७७ पर्यंत. प्रजा समाजवादींची झोपडी पन्नास-साठच्या दशकांत सर्वत्र दिसते. रंग पावसाने उडतो, तरी चुन्याच्या भिंतीवर एखादं चिन्ह दोन-तीन वर्षं टिकतं, तेवढी सवलत ठेवा.

मोटारीचा क्रमांक नीट वाचता आला तर ‘बीएम’ने सुरू होणारा मुंबई राज्याच्या काळातला, ‘एमआर’ने सुरू होणारा महाराष्ट्र झाल्यानंतरचा. ‘एमएच-०४’ हा साचा १९८९ च्या नव्या कायद्यानंतरचा. गाडी आपला जुना क्रमांक मरेपर्यंत वागवते, म्हणून ‘बीएम’ दिसला की फोटो १९६० आधीचाच, असं म्हणता येत नाही.

सिनेमाचं पोस्टर मोहात पाडतं. चित्रपटाच्या प्रदर्शनाची तारीख ही फक्त ‘याआधीचा नाही’ची खूण. मुंबईत चालून झालेला चित्रपट ठाण्याच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा यायचा.

फोटोत ट्राम असेल तर ते ठाणे नाही. ठाण्यात ट्राम नव्हतीच, आणि मुंबईतली शेवटची ३१ मार्च १९६४ ला धावली. अल्बमवर ‘ठाणे’ लिहिलेलं असलं तरी एखादं पान दादरचं किंवा गिरगावचं निघतं.

कागदही साक्ष देतो. खोट्या नोटा ओळखायचा अतिनील टॉर्च, शक्यतो ३६५ नॅनोमीटरचा, अंधारात फोटोच्या पाठीवर धरा. निळसर-पांढरं चमकलं तर कागदात उजळपणा आणणारं रसायन आहे, म्हणजे तो साधारण १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरचा. चमकला नाही तर निष्कर्ष काढू नका. आणि ही तारीख प्रत कधी छापली याची आहे, जुन्या निगेटिव्हची नवी प्रत कधीही निघू शकते. पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत असेल तर प्रत सत्तरच्या दशकातली किंवा नंतरची. कातरलेल्या नक्षीदार कडा दोन-तीन दशकं चालल्या, त्यांच्या भरवशावर काही ठरत नाही.

ऋतू बहुधा वर्षापेक्षा सोपा. छत्र्या, दुकानांपुढच्या पावसाळी झडपा, बाजारात आलेल्या बाईच्या डोक्यावरचं इरलं (पानांचं पावसाळी आच्छादन), आंब्याच्या पेट्या, आकाशकंदील. सावलीही पाहा. ठाणं सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे दुपारची सावली दक्षिणेकडे फक्त मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत पडते. डिसेंबरअखेर भर दुपारीसुद्धा सावली उंचीच्या नऊ-दशांशाहून थोडी जास्त लांब असते: साडेपाच फुटी माणसाची पाच फूट. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साधारण १२:२० ते १२:५० च्या दरम्यान, बाराला नाही.

जुन्या माणसांना विचारताना

फोटो ए४ कागदावर मोठा छापून न्या. मोबाइलचा पडदा ऐंशीच्या पुढच्या डोळ्यांना जाचतो. एका बैठकीत दहापेक्षा जास्त फोटो नकोत.

‘आजोबा, हा जांभळी नाकाच ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येतं. पाहुण्याचा मान राखायची आपल्याकडे रीत आहे. ‘आजी, हे कुठलं वाटतं तुम्हाला?’ एवढंच विचारा आणि थांबा. मग ‘इथून डाव्या हाताला गेलं की काय लागायचं?’ फोटोबाहेरचं सांगता आलं तर जागेची ओळख पक्की समजा. वर्ष विचारू नका. ‘तुमचं लग्न झालं होतं का तेव्हा? थोरला शाळेत जात होता का?’ असं विचारलं की वर्ष आपोआप निघतं. सांगणाऱ्याची परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करा. दोन माणसं दोन जागा सांगत असतील तर दोन्ही लिहा, तिथल्या तिथे निवाडा करू नका.

पडताळणीसाठी १८९३ पासूनचं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, आणि दुकानाची जागा ठरवायला सिटी सर्व्हेचे नकाशे. दुकानाचं नाव बदलतं, घरमालक बदलतो, सिटी सर्व्हेचा क्रमांक सहसा टिकतो.

त्याच जागेवर उभं राहणं

आजचा फोटो जुन्याशी जुळवला की रस्ता किती रुंदावला, जोतं किती बुडालं ते मोजता येतं. त्यासाठी ‘साधारण इथूनच’ चालत नाही.

आधी दिशा. क्षितिजावर डोंगर दिसतो का पाहा. पारसिकची रांग मागे असेल तर कॅमेरा पूर्वेला, खाडीकडे रोखलेला. येऊरची किंवा मामा-भांजाची टेकडी असेल तर पश्चिमेला. आज इमारतींमुळे रस्त्यावरून दोन्ही दिसत नाहीत, पण जुन्या फोटोंत कौलांच्या वर त्या सहज डोकावतात. सांगाडा म्हणून न हललेल्या गोष्टी घ्या: कोपिनेश्वराचं देऊळ, मासुंदाचा काठ, सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, कारागृहाची तटबंदी.

नेमकी जागा दोन जोड्यांनी सापडते. जुन्या फोटोत डावीकडे एक जवळची आणि एक दूरची अशा दोन स्थिर वस्तू एका रेषेत शोधा, उदाहरणार्थ घराचा कोपरा आणि त्यामागे कळसाची डावी कड. तशीच जोडी उजवीकडे. आज पहिली जोडी जुळेल अशा रेषेवर उभे राहा आणि त्या रेषेवरूनच पुढे-मागे चाला. दुसरी जोडी जुळली की ती जागा. डावीकडे सरकलात की जवळची वस्तू दूरच्या तुलनेत उजवीकडे जाते, एवढं ध्यानात ठेवलं की चुकामूक होत नाही. झूम करून जुळवायचा प्रयत्न करू नका. झूमने आकार बदलतो, जोड्यांचं नातं बदलत नाही.

मग उंची, आणि इथे जवळजवळ सगळेच चुकतात. बॉक्स कॅमेरा आणि रोलिफ्लेक्स दोन्ही पोटाशी-छातीशी धरून वरून आत पाहायचे. म्हणजे भिंग जमिनीपासून १ ते १.२ मीटरवर. आज मोबाइल डोळ्यांसमोर, दीड मीटरच्या वर. या फरकाने ओटे, पायऱ्या आणि सायकलींची चाकं वेगळीच दिसतात. उंची मोजायची युक्ती सोपी आहे: रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांच्या आडव्या रेषा पट्टीने वाढवा, त्या जिथे मिळतात त्या उंचीवर फोटोभर आडवी रेघ मारा. सपाट रस्त्यावर उभ्या असलेल्या सगळ्या माणसांना ती रेघ एकाच उंचीवर छेदते, जवळच्यांना आणि दूरच्यांनाही. ती कमरेला छेदत असेल तर कॅमेरा कमरेला होता. रेघ डोक्यांच्या बरीच वरून गेली तर फोटो गच्चीतून किंवा माडीवरून काढलेला आहे.

मात्र जमीनच वर आलेली असते. थरावर थर चढत गेल्याने जुन्या घरांची जोती रस्त्याच्या पातळीला येऊन टेकली आहेत. जुन्या फोटोत ओट्याला चार पायऱ्या आणि आज एकच दिसत असेल, तर तीन पायऱ्यांची उंची, म्हणजे अंदाजे ४५ सेंटिमीटर, कॅमेऱ्याच्या उंचीतून वजा करा. ट्रायपॉड ६० सेंटिमीटरवर आणून रस्त्यात बसलेला माणूस विचित्र दिसतो खरा, पण फोटो तिथूनच जुळतो.

भिंग: ६×६ वर ७५ मिमीचं भिंग सुमारे ४१ अंश पाहतं, उभं आणि आडवं दोन्ही. आजच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात तेवढी उभी उंची मावायला ३२ मिमी लागतं, मग दोन्ही बाजू कापून चौकोन करायचा. मोबाइलचं मुख्य भिंग २४–२६ मिमीच्या तोडीचं असतं, म्हणजे पुरतं. जरा सैल घ्या आणि घरी कापा. मोबाइल वर-खाली कलला की उभ्या रेषा पडतात, तो सरळच ठेवा.

स्टेशनच्या पश्चिमेला सॅटिसचा, म्हणजे बसगाड्यांसाठीचा उंचावरचा, पूल बऱ्याच जुन्या दृश्यांच्या आड येतो. तिथे खालून एक आणि पुलावरून एक असे दोन फोटो काढा आणि दोन्हींची उंची लिहा. गोखले रोड किंवा जांभळी नाक्यासाठी रविवारी सकाळी सातच्या आत पोचा. जुना उभा राहण्याचा बिंदू आज वाहतुकीच्या मधोमध असतो, म्हणून एक जण फक्त गाड्यांकडे लक्ष ठेवायला सोबत हवा. सावल्याही जुळवायच्या असतील तर तोच महिना आणि तोच तास.

नोंद आणि परवानगी

प्रत्येक फोटोला एक नंबर, तो पाकिटावर. फोटोच्या पाठीवर लिहावंच लागलं तर ४बी पेन्सिलीने, कडेला, कठीण सपाट पृष्ठावर ठेवून. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. फाइलच्या नावात आधी मालकाच्या घरासाठी ठरवलेली खूण, मग रोल, मग चौकट. जागेचं आणि वर्षाचं नाव फाइलला देऊ नका, ते बदलतं. त्यासाठी तक्ता: माप, पाठीवरचा मजकूर चुकांसकट जसाच्या तसा, जागा, कॅमेऱ्याची दिशा, काळ ‘१९५८–१९६२’ असा पट्ट्यात, कोणत्या खुणेवरून ठरवला ते, आणि कोणी सांगितलं ते. ‘अंदाजे १९६०’ असं एकटं लिहिलेलं पुढच्या माणसाच्या कामाचं नसतं. स्कॅनरने फाइलमध्ये घातलेली आजची तारीख म्हणजे स्कॅनची तारीख, ती फोटोची म्हणून कुठेही जाऊ देऊ नका.

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या घरात. वर्षातून एकदा उघडून पाहा.

फोटो तुमच्या कपाटात आहे म्हणून त्याचा कॉपीराइट तुमचा होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं चालतो. स्टुडिओचा शिक्का असेल तर त्यांच्या वारसांना विचारा, घरच्यांनी काढला असेल तर घरच्यांना, आणि होकार लेखी घ्या. ओळखू येणाऱ्या माणसांच्या घरच्यांनी नको म्हटलं तर फोटो जाहीर टाकू नका. मागचा रस्ता तेवढा हवा असेल तर चेहरे वगळून कापलेली प्रत वेगळी बनवा, तिच्या नावात ‘कापलेली’ असं नोंदवा, आणि मूळ टिफ अख्खी ठेवा.